रिपोर्टमधल्या ‘मोठ्या’ पेशी : मॅक्रो, मेगालो, जायंट, लार्ज

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावी लॅब चालवतो. हल्ली रिपोर्ट मोबाइलवर जातो. त्यामुळे पेशंट डॉक्टरकडे पोचायच्या आधीच गूगल करून मोकळा झालेला असतो आणि घाबरून मला फोन लावतो. ‘मॅक्रोसाइट्स’, ‘जायंट सेल्स’, ‘लार्ज सेल’ यातलं काहीही दिसलं की प्रश्न ठरलेला: पेशी मोठ्या झाल्यात म्हणजे कॅन्सर का हो? बहुतेक वेळा नाही. कधीकधी हो. फोनवर दोन मिनिटांत हे सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी मोठी म्हणजे केवढी? तांबडी पेशी सात-साडेसात मायक्रॉनची असते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लहान लिम्फोसाइट (एक पांढरी पेशी) हीही जवळपास तेवढीच. स्लाइडवर आम्ही याच दोघांना पट्टी म्हणून वापरतो. उलट बोन मॅरोतली मेगाकॅरिओसाइट ५० ते १०० मायक्रॉनची, आणि ती ठणठणीत निरोगी माणसात असते, प्लेटलेट्स तिच्यापासूनच तुटून रक्तात येतात. स्त्रीबीज साधारण ०.१ मिलिमीटर, चांगल्या नजरेला नुसता ठिपका दिसेल एवढं. तेव्हा आकार मोठा म्हणून आजार, असं काही नाही. ती पेशी एरवी केवढी असते आणि आता का फुगली, हे बघायचं.

फुगण्याची कारणं फार नाहीत. एक तर ती वेळेवर विभागलीच नाही. किंवा अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक झाली. किंवा आत काहीतरी साठत गेलं. किंवा विषाणू घुसला, सायटोमेगॅलोव्हायरस त्यासाठीच नावाजलेला आहे. आणि शेवटचं, कॅन्सर. रिपोर्टमधले ते भारदस्त शब्द यातल्याच कुठल्या तरी कारणाकडे बोट दाखवत असतात.

आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटते ती पहिल्या प्रकारची. बी१२ किंवा फोलेट कमी पडलं की डीएनए बनवण्याचं काम रखडतं. पेशीद्रव मात्र आपल्या गतीने वाढत राहतं, त्यात हिमोग्लोबिनही भरत जातं. मग मॅरोत एक विजोड पेशी दिसते: बाहेरचा भाग पिकलेला, केंद्रक अजून कोवळं आणि जाळीदार. ही मेगालोब्लास्ट. पाउल एर्लिखने १८८० साली हे नाव दिलं. यातल्या पुष्कळशा मॅरोतच मरतात, त्यामुळे एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) चढतो, बिलिरुबिन थोडं वाढतं, डोळ्यांत पिवळी झाक येते. (आणि पेशंट काविळीचा पाला खायला कुठल्या तरी गावाला जाऊन येतो. दर पावसाळ्यात एक तरी.) ज्या तगून रक्तात उतरतात त्या मोठ्या आणि अंडाकृती तांबड्या पेशी म्हणजे मॅक्रो-ओव्हॅलोसाइट. यंत्रावर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, १०० फेम्टोलिटरच्या वर जातो. लीशमन नावाच्या रंगाने रंगवलेल्या स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरावर) आणखी एक गंमत दिसते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला एरवी तीन-चार पाळ्या असतात, इथे पाच-सहा, बारीक धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या. सहा पाळ्यांचा एक जरी सापडला तरी मी बी१२ तपासायला सांगतो.

या आजाराच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण आपल्या परळमध्ये घडलंय, हे डॉक्टरांनाही फारसं ठाऊक नसतं. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईला आली. बाळंतपणात बायका का दगावतात याची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने हाती घेतली होती, त्यातलं ॲनिमियाचं काम तिच्याकडे होतं आणि हाफकिन इन्स्टिट्यूट हा तिचा मुक्काम. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर ॲनिमिया व्हायचा, आणि तांबड्या पेशी मोठ्या. दिसायला हुबेहूब पर्निशियस ॲनिमिया, म्हणजे (हे आज कळतं) बी१२ अंगी न लागल्याने होणारा ॲनिमिया. त्या काळी पर्निशियस ॲनिमियावर लिव्हरचा उपाय नुकताच सापडला होता, बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये तो मांडला होता. विल्सबाईंनी आधी जंतुसंसर्ग आहे का ते पाहिलं, मग या बायका काय खातात ते पाहिलं. प्रथिनं, फळं, भाजी, सगळ्याचीच मारामार. त्यांच्यासारखंच जेवण उंदरांना दिलं तर उंदीरही ॲनिमिक झाले; पण पुढे निघालं की त्यात उवांमधून पसरणाऱ्या बार्टोनेला जंतूचाही हात होता. मग माकडांवर प्रयोग. त्यात बीअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा अर्क, म्हणजे ब्रिटिश लोक पावाला लावून खातात ते मार्माइट, लागू पडला. स्वस्त होता म्हणून वापरला होता. बायकांना दिला, त्यांचंही रक्त भरायला लागलं. १९३१ मध्ये हे छापून आलं.

यातली खरी हुशारी पुढे आहे. शुद्ध केलेला लिव्हरचा अर्क पर्निशियस ॲनिमियाला चालत होता, तो या बायकांना चालेना. कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क चालायचा. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी फेकलं जात होतं, आणि ते पर्निशियसच्या औषधापेक्षा वेगळं होतं. त्याला बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ मध्ये तोच पदार्थ पालकातून वेगळा काढला गेला आणि फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीत ते कृत्रिमरीत्या बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. बी१२ वेगळं व्हायला मात्र १९४८ उजाडलं. दोन वेगळ्या जीवनसत्त्वांची कमतरता, स्लाइडवर एकच चित्र: हे परळमध्ये दिसलं तेव्हा दोन्हींपैकी एकाचंही नाव जन्माला आलं नव्हतं.

बाकीच्या ‘मोठ्या’ पेशींचं प्रतिसादांत बोलू. रिपोर्ट टाकलात तर नाव, यूएचआयडी (हॉस्पिटलचा पेशंट नंबर) झाकून टाका.

हेमांगी_क

वा! हाफकिनवरून रोज बसने जायचे, लस एवढंच माहीत होतं.

सासूबाईंचा एमसीव्ही ११८ आलाय, हिमोग्लोबिन ७.४, प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशीपण कमी. फॅमिली डॉक्टर म्हणाले बी१२ची इंजेक्शनं सुरू करू. पण नणंदेच्या ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं, तिन्ही कमी म्हणजे ल्युकेमिया, आधी बोन मॅरो करा. घरात दोन तट पडलेत.

सूक्ष्मदर्शी

ताई, मेगालोब्लास्टिक ॲनिमियात तिन्ही पेशी कमी होतात, कारण डीएनए सगळ्यांनाच लागतो. बी१२चा आकडा आला का? रक्त इंजेक्शनच्या आधी काढलं असेल तर उत्तम, नाहीतर आकडा उगाच चढलेला येतो. सोबत थायरॉइड, लिव्हर आणि रेटिक काउंटही (नव्या तांबड्या पेशींची मोजणी) करून घ्या.

बी१२ स्पष्ट कमी असेल तर बहुतेक डॉक्टर आधी उपचार करून बघतात. पाच ते आठ दिवसांत रेटिक उसळी मारतो, ते झालं की निदान पक्कं. ती उसळी आली नाही, किंवा स्मिअरवर ब्लास्ट म्हणजे अगदी कोवळ्या पेशी दिसल्या, तर मॅरो करायलाच हवी. वयस्कर माणसांत एमडीएस नावाचा मॅरोचा आजार असाच दिसतो, तेव्हा नणंदेची शंका अगदीच हवेतली नाही. चालताना तोल जातो का त्यांचा?

हेमांगी_क

बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की पुढे जातात म्हणतात. आम्हाला वाटलं चक्कर.

सूक्ष्मदर्शी

हे डॉक्टरांना आजच्या आज सांगा. मज्जारज्जूच्या मागच्या भागावर बी१२च्या कमतरतेचा परिणाम झाला की पाय कुठे आहेत हे डोळे मिटल्यावर कळत नाही. रक्त सुधारतं, पण नसा फार उशीर झाला तर पूर्ण सुधारत नाहीत. आणि नुसतं फॉलिक ॲसिड कोणी सुरू केलं असेल तर बी१२शिवाय ते देऊ नये. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, नसांचं नुकसान मागे चालूच राहतं.

नलूमावशी

सिस्टर म्हणून बाळंतपणाच्या वॉर्डात आयुष्य गेलं, त्यामुळे लूसीबाईंची गोष्ट वाचून बरं वाटलं. लोह-फॉलिकच्या गोळ्या आम्ही किती वाटल्या असतील त्याला गणती नाही. त्या सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, बी१२ नसतं. बायका गोळ्या घेतात, हिमोग्लोबिन ९ वर अडकून बसतं. मग आपण म्हणतो, गोळ्या घरी कोनाड्यात ठेवल्या असतील. काही जणी ठेवतातही, काळी शी होते म्हणून. पण ज्या खरंच घेत होत्या त्यांना उगाच बोलणी बसली.

पश्याभाऊ

डॉक, माझा एमसीव्ही ८६, एकदम मधोमध. बी१२ आलं १०४. लॅबवाल्याने आकडे बनवलेत का? एमसीव्ही वाढायला हवा होता ना तुमच्या हिशोबाने?

सूक्ष्मदर्शी

आरडीडब्ल्यू किती आहे?

पश्याभाऊ

१९.८, शेजारी ठळक एच.

सूक्ष्मदर्शी

तिथेच उत्तर आहे. एमसीव्ही ही सरासरी आहे. लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असलं की निम्म्या लहान, निम्म्या मोठ्या, आणि सरासरी अगदी सज्जन. वर्गात दहावीतला एक आणि बालवाडीतला एक बसवला तर सरासरी वय ठीकच येणार. आरडीडब्ल्यू म्हणजे आकारांतली तफावत, ती तुमची भरपूर आहे. याला आम्ही डायमॉर्फिक चित्र म्हणतो. थॅलेसिमिया मायनर असलेल्यांतही बी१२ची कमतरता अशीच लपते. फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या, आणि पेशी यंत्राने मोजल्या तरी स्मिअर कोणीतरी डोळ्यांनी बघितलाय का ते विचारा.

आपल्याकडे ‘एमसीव्ही नॉर्मल म्हणजे बी१२ नॉर्मल’ हे गृहीतच धरू नये. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, २००८ मध्ये छापून आला. दोन तृतीयांश मातांचं बी१२ कमी होतं. फोलेट कमी असलेली बाई मात्र एकच सापडली. लूसी विल्सना मुंबईत फोलेटची वानवा दिसली, इथे ऐंशी वर्षांनी चित्र उलटं. शिवाय ज्या मातांचं बी१२ कमी आणि फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला प्रतिरोध जास्त दिसला. बी१२ फक्त रक्तापुरतं नाही, हे त्या अभ्यासाने ठसवलं.

गुळपोळी

आम्ही शुद्ध शाकाहारी. इडली-डोसा आंबवलेला असतो त्यातून बी१२ मिळतं ना? आणि स्पिरुलिनाच्या गोळ्या आणल्यात, महाग आहेत पण नैसर्गिक.

नलूमावशी

गुळपोळे, दूध-दही किती घेतेस ते सांग आधी. ‘चहात असतं’ हे धरायचं नाही.

सूक्ष्मदर्शी

मावशींनी नेमकं विचारलं. शाकाहारी माणसाला बी१२ मिळतं ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच. आंबवलेल्या पिठावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी बी१२सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला न चालणारं रूप. ते पैसे दुधाला लावा. रोज लागतं दोन-अडीच मायक्रोग्रॅम फक्त, आणि लिव्हरमध्ये साठा काही वर्षं पुरतो, म्हणूनच कमतरता इतकी गुपचूप येते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी पॅनटोप्रॅझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर अधूनमधून तपासून घ्या.

कट्ट्यावरचा_काका

माझा एमसीव्ही १०३. हिमोग्लोबिन १५, बी१२ ४२०, थायरॉइड ओके. दोन वेगळ्या लॅबमध्ये तेच. आता?

सूक्ष्मदर्शी

काका, संध्याकाळचं काय?

कट्ट्यावरचा_काका

सोशल.

पश्याभाऊ

काकांचं सोशल सर्कल मोठं आहे बरं का डॉक.

सूक्ष्मदर्शी

दारूमुळे ॲनिमिया नसतानाही तांबड्या पेशी मोठ्या होतात, त्या गोल असतात, अंडाकृती नाही. जीजीटी आणि बाकी लिव्हर टेस्ट करा. तीन-चार महिने पूर्ण बंद ठेवून पुन्हा सीबीसी केलीत तर उत्तर आपोआप मिळेल, कारण तांबड्या पेशीचं आयुष्यच १२० दिवसांचं. आणखी एक कारण सांगून ठेवतो, तुम्हाला लागू नाही पण इतरांना होईल: तालुक्यातून गोळा केलेलं रक्त दुपारभर गाडीत तापून रात्री मशीनवर चढलं तर पेशी पाणी पिऊन फुगतात आणि एमसीव्ही खोटा वाढतो. माझ्याकडे असे नमुने येतात, मी परत पाठवतो, कलेक्शनवाले चिडतात.

तुळस_बाभूळ

विषय जरा बदलते. भावाच्या मानेत गाठ आली होती, सुई घालून तपासणी केली. रिपोर्ट: ‘एपिथेलिऑइड ग्रॅन्युलोमा विथ लँगहान्स जायंट सेल्स अँड केसिएशन’. आईने जायंट सेल वाचलं आणि जेवणच सोडलंय. नेटवर ‘लँगरहान्स’ टाकलं तर कसलातरी कॅन्सरसारखा आजार येतोय. वय २४.

सूक्ष्मदर्शी

आईंना आधी जेवायला बसवा. लँगहान्स आणि लँगरहान्स ही दोन वेगळी जर्मन माणसं. तुम्हाला हवा तो थिओडोर लँगहान्स, १८६८. शरीराला जे पचवता येत नाही, इथे टीबीचा जंतू, त्याभोवती मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) गोळा होतात आणि काही एकमेकींत विरघळून एक भलीमोठी पेशी बनते. तिची केंद्रकं कडेने घोड्याच्या नालासारखी मांडलेली असतात, कधी वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त. केसिएशन म्हणजे मधला भाग मरून पनीरासारखा भुसभुशीत झालेला. हे एकत्र म्हटलं की आपल्या देशात आधी टीबी. जुन्या लोकांची गंडमाळ ती हीच.

शिवलेल्या टाक्यांमध्ये किंवा शरीरात राहिलेल्या काट्याभोवतीही जायंट सेल होतात, तिथे केंद्रकं अस्ताव्यस्त असतात. गोवरात, नागिणीत वेगळ्या प्रकारच्या. जायंट सेल ही शरीराची प्रतिक्रिया असते बहुधा. भावाच्या सुईच्या नमुन्यावर सीबीनॅट झालंय का? त्यात जंतू आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला तो दाद देतो का, दोन्ही कळतं. उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतात, साधारण सहा महिने. मध्येच सोडू देऊ नका.

तुळस_बाभूळ

सीबीनॅट नाही केलं. उद्याच विचारते. आई जेवली. 🙏

अमोघ७७

मग माझ्या मित्राला गुडघ्यात ‘जायंट सेल ट्यूमर’ निघाला त्याचं काय? तो तर ट्यूमरच आहे की. वय ३१, मांडीचं हाड गुडघ्याशी पोखरलंय, एक्स-रेवर साबणाच्या फेसासारखं दिसतं म्हणाले.

हाडाचा_डॉक्टर

ऑर्थोपेडिक आहे, हे मी घेतो. नाव ट्यूमर असलं तरी बहुतेक सौम्य असतो, फक्त जागेवर हाड खातो आणि परत येण्याची खोड असते. वीस ते चाळीसच्या वयात, गुडघ्याभोवती सगळ्यात जास्त. गंमत अशी की ज्या पेशींवरून नाव पडलं त्या खऱ्या गुन्हेगार नाहीतच. ट्यूमरच्या असतात त्या मधल्या साध्या दिसणाऱ्या एककेंद्रकी पेशी. त्या आरएएनके-लायगँड नावाचा निरोप सोडून ऑस्टिओक्लास्टसारख्या महाकाय पेशी जमवतात, आणि हाड खायचं काम त्यांच्याकडून करून घेतात. तो निरोप अडवणारं औषध म्हणजे डेनोसुमॅब. बऱ्याचदा आम्ही हाड नीट खरवडून पोकळीत बोन सिमेंट भरतो.

शस्त्रक्रियेआधी कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हॉर्मोन बघितलंय ना? हायपरपॅराथायरॉइडमधला ‘ब्राउन ट्यूमर’ स्लाइडवर अगदी असाच दिसतो आणि त्याचं दुखणं गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीत असतं. आणि छातीचा सीटी. थोड्या लोकांत फुप्फुसात डाग जातात.

सूक्ष्मदर्शी

पूर्ण सहमत. स्लाइड पाठवताना सोबत एक्स-रे पाठवत जा एवढीच ऑर्थोवाल्यांना विनंती. हाडाचं निदान नुसत्या काचेवरून करायला लावू नका.

हाडाचा_डॉक्टर

माझे ज्युनियर पाठवतात. (पाठवतात ना रे?)

बे_एरियातला_बंडू

काकांना पुण्यात ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’ निदान झालंय. इथली ‘लार्ज’ पेशी पण तुमच्या त्या सौम्य यादीत बसते का? मी तिकीट काढू का हे ठरवायचंय.

सूक्ष्मदर्शी

नाही, इथे कॅन्सरच, लिम्फोसाइटचा. पण ‘लार्ज’ शब्दाला घाबरू नका, ही पेशी नेहमीच्या लिम्फोसाइटच्या दुप्पट किंवा त्याहून थोडी मोठी, महाकाय वगैरे नाही. नॉन-हॉजकिन लिम्फोमांमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो. वेगाने वाढतो आणि केमोला प्रतिसादही जोरात देतो. आर-चॉप या ठरलेल्या उपचाराने दहापैकी सहाच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. त्यातलं रिटुक्सिमॅब २००७ पासून भारतात बनतं, त्यामुळे खर्चही पूर्वीइतका राहिलेला नाही. काकांचं वय, स्टेज आणि एलडीएच यावर पुढचं अवलंबून.

आणि आकारावरून अंदाज बांधायचाच असेल तर फुप्फुसाचं उदाहरण आठवा. तिथे ‘स्मॉल सेल’ कार्सिनोमा हा ‘लार्ज सेल’पेक्षा जास्त आक्रमक. काकांना तुम्ही आलेलं आवडेल, ते मी रिपोर्ट न बघताही सांगतो.

अवलिया_अभ्यंकर

अवांतर: हॉजकिन लिम्फोमातपण मोठी पेशी असते ना? घुबडाच्या डोळ्यांची?

सूक्ष्मदर्शी

रीड-स्टर्नबर्ग. दोन केंद्रकं आणि प्रत्येकात एक टपोरा लाल-गुलाबी ठिपका, रोखून बघतेय असं वाटतं. कार्ल स्टर्नबर्गने १८९८ मध्ये वर्णन केलं, पण त्याला तो टीबीचाच प्रकार वाटला. १९०२ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये डोरोथी रीड या तरुण डॉक्टरने सांगितलं की हा टीबी नाही, स्वतंत्र आजार आहे. मजा म्हणजे गाठीत या पेशी एखाद टक्काच असतात, बाकी सगळी बघ्यांची गर्दी. त्यामुळे सुईच्या नमुन्यात कधीकधी त्या हातीच लागत नाहीत आणि आम्ही अख्खी गाठ काढून मागतो. पेशंटला वाटतं पॅथॉलॉजिस्टला काम येत नाही.

उपसाला_ची_उमा

स्वीडनहून. इथे ‘जायंट सेल आर्टेरायटिस’ खूप ऐकू येतो. ऑफिसमधल्या सहकाऱ्याच्या आईची एका डोळ्याची दृष्टी गेली त्यात. भारतात हा शब्द कधी ऐकला नव्हता.

सूक्ष्मदर्शी

उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत तो फार, आपल्याकडे कमी. पन्नाशीनंतरच होतो. नवीन डोकेदुखी, कंगवा लावला तरी टाळू दुखणं, चावताना जबडा थकणं, आणि ईएसआर शंभरीकडे. कपाळाशेजारच्या धमनीच्या भिंतीत त्या जायंट सेल असतात, पण तुकड्यातुकड्याने, त्यामुळे बायोप्सी साफ आली तरी आजार नसेलच असं नाही. दृष्टी वाचवायची तर बायोप्सीची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात. आपल्याकडे मोठ्या धमन्यांचा जो आजार जास्त दिसतो तो ताकायासू, तरुण मुलींमध्ये, हाताची नाडीच लागत नाही.

आजोळ

माझ्या लेकाच्या प्लेटलेट्स कायम ६०-७० हजार. कधी नाकातून रक्त नाही, काही नाही. डेंगीच्या साथीत दरवेळी ॲडमिट करायला सांगतात. यावेळच्या रिपोर्टवर ‘जायंट प्लेटलेट्स सीन’ लिहिलंय.

सूक्ष्मदर्शी

बरं झालं कोणीतरी स्मिअर बघितला. यंत्र आकारावरून ओळखतं. प्लेटलेट तांबड्या पेशीएवढी झाली की ती प्लेटलेट म्हणून मोजलीच जात नाही, आकडा खोटा कमी येतो. हाताने मोजून घ्या. पूर्व भारतात, विशेषतः बंगालमध्ये, असे मोठ्या पण थोड्या प्लेटलेट्सवाले पुष्कळ धडधाकट लोक आहेत, रक्तदात्यांच्या तपासणीत ते सापडले. अर्थात बर्नार्ड-सूलियरसारखा खरा रक्तस्रावाचा आजारही असतो, म्हणून एकदा रक्तविकारतज्ज्ञाला दाखवा. तुमची आणि मुलाच्या वडिलांचीही सीबीसी सोबत न्या. आणि जुने सगळे रिपोर्ट एका फायलीत, म्हणजे पुढच्या साथीत ॲडमिशनच्या टेबलावर दाखवता येतील.

लहानग्यांचा_दादा

बालरोगतज्ज्ञ. ‘आत साठून फुगलेल्या’ पेशींबद्दल कोणी विचारलं नाही म्हणून लिहितो. गोशे आजारात ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम कमी असतं. मेलेल्या पेशींच्या आवरणातला मेद मॅक्रोफेज गिळतात पण पचवू शकत नाहीत, आणि फुगत जातात, अगदी १०० मायक्रॉनपर्यंत. मॅरोत ती पेशी चुरगाळलेल्या टिश्यू पेपरसारखी दिसते. फिलिप गोशेने १८८२ मध्ये प्रबंधात लिहिली तेव्हा त्याला तो प्लीहेचा ट्यूमर वाटला होता. मूल येतं ते पोट पुढे आलेलं, प्लीहा बेंबीपर्यंत, हाडं दुखतात, ॲनिमिया. टॉनिकं पाजून वर्षं जातात. निदान पक्कं होतं ते रक्तातल्या एन्झाइमच्या तपासणीने.

एन्झाइम बाहेरून देण्याची सोय १९९१ पासून आहे, अतिशय महाग. २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. पालकांनी तिथे नोंदणी करायचीच.

आजीचा_बटवा_२

सगळं वाचून काढलं. आईला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे, एमसीव्ही १०४ आला. हेही तेच का?

सूक्ष्मदर्शी

तेच. मेथोट्रेक्सेट फोलेटच्या वाटेत आडवं येतं, त्यासाठीच ते बनलंय. वर सुब्बारावांचं नाव आलंय ना, फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी पण काम अडवणारी औषधं त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाली. सिडनी फार्बरने १९४८ मध्ये बॉस्टनला ल्युकेमियाच्या मुलांत त्यातलं एक, अमिनॉप्टेरिन, वापरून दाखवलं; मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. आमवातात डोस अगदी कमी असतो आणि सोबत फॉलिक ॲसिड देतात, बहुधा वेगळ्या दिवशी. आईंना ते लिहून दिलंय का बघा. नुसता एमसीव्ही थोडा वाढलेला असेल तर डॉक्टर गोळी लगेच थांबवतीलच असं नाही. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स आणि क्रिएटिनिन बघून ठरवतील. तोंड आलं असेल किंवा ताप असेल तर मात्र वाट बघू नका.

आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज नाही. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं, आणि ही चूक घरोघरी होते, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. वार ठरवून स्केचपेनने पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि ती पट्टी इतर औषधांच्या डब्यातून बाहेर काढून वेगळी ठेवा.

आजीचा_बटवा_२

रविवार लिहिला. फॉलिकची पट्टी प्रिस्क्रिप्शनवर होती, मेडिकलवाल्याने दिलीच नव्हती. आणायला निघाले.